बाळाला आणायची गाडी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार, दुपार

प्रिय क्रांती,

तुला आणि मोनाला खूप खूप आशीर्वाद. पत्र बघून आधी तू दचकशील आणि मग हसशील, आत्तींना व्हॉट्सॲप येतंय की, मग सुनेला पत्र कशाला म्हणून. रोज आपण व्हिडिओ कॉलवर बोलतो तेव्हा फोन विश्वजितच्या हातात असतो आणि शेजारी मामा बसलेले असतात. मेसेज पाठवावा तर तुझा फोन कधी तुझ्या भावाच्या हातात, कधी आईच्या. शेजारची अंबूबाई उद्या तिच्या लेकीकडे जयसिंगपूरला निघालीय. तिच्याकडे मोनाची झबली, डिंकाचे लाडू आणि हे पत्र दिलंय. झबली आणि लाडू सगळ्यांसमोर उघड. पत्र मात्र मोना झोपली की एकटीनं वाच. अक्षर तिरकं गेलं असेल तर रागावू नकोस. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, कागद धरता येत नाही, म्हणून त्याच्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवून लिहितेय.

आधी घरातलं सांगते. तुमची खोली रंगवून झाली. विश्वजितनं स्वतः उभं राहून रंग देऊन घेतला, फिकट पिवळा. रंगाचा वास बाळाला बाधेल म्हणून आठ दिवस खिडक्या उघड्या टाकल्या. पाळणा माडीवरून खाली काढून धुतला, त्याच्या कड्यांना तेल दिलं. आजोबा झालेले मामा रोज सकाळी तो रिकामा पाळणा एकदा हलवून बघतात आणि कुणी बघितलं की कडी तपासतोय असं दाखवतात. पेठेत ज्याला त्याला ठाऊक आहे की रविवारी मोना येणार. तालमीतली पोरं म्हणे कोपऱ्यावर फटाके लावणार आहेत. मी त्यांना ओरडून आलेय, लहान लेकरू दचकेल म्हणून. आपला विश्वजित आहे तसाच आहे. जीव लावला की पुरता लावणारा. तुझ्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला होता, ते मी विसरलेले नाही. हे पत्र वाचताना तूही ते विसरू नकोस. माझा मुलगा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही.

मोनासाठी त्यानं गाडीत बसवायची खुर्ची आणली, तीही तुला त्यानं दाखवली असेल. निळी, पट्ट्यांची. मागच्या सीटवर डाव्या बाजूला ती बसवायला त्याला एक सबंध दुपार लागली. मोबाइलवर बघून बघून पट्टे आवळत होता. मग मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवलं, ‘गाडीत बाळ आहे’. मी म्हटलं, अरे बाळ अजून जयसिंगपूरला आहे. तर म्हणाला, “लोकांना आत्तापासून सवय लागूदे की आई.” आम्ही दोघंही हसलो. आता दारात गाडी उभी दिसली की ती अक्षरं बघून मी तोंड फिरवते. का ते सांगायलाच बसलेय, पण हात पुढं सरकत नाही बघ.

श्रावणातली एक गोष्ट विचारू? तुला सातवा सरत आला होता. तुम्ही दोघं त्याच्या मित्रांबरोबर पन्हाळ्याला गेला होता. परत आलात तेव्हा विश्वजित गाडीतून उतरून मोठमोठ्यानं बोलत वर गेला आणि तू बराच वेळ गाडीतच बसून राहिलीस. मी दार उघडलं तर तुझा हात खिडकीवरच्या, धरायच्या कडीला होता. गाडी थांबली होती, तरी तू कडी सोडली नव्हतीस. मी विचारलं काय झालं, तू म्हणालीस काही नाही आत्ती, घाटात जरा मळमळलं. मी लिंबू-पाणी करून दिलं. तुझ्या तळहातावर नखं रुतल्याच्या खुणा होत्या, त्या मी बघितल्या, आणि मी बघितल्या हे तू बघितलंस. घाटात काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. पण आता अंदाज येतो.

माझा हात न्हाणीत घसरून मोडलेला नाही, क्रांती.

त्याचा मित्र ऋतुराज तुला माहीत आहे, पेठ वडगावचा. त्याच्या मळ्यात नवीन घर बांधलं, त्याचं मटणाचं जेवण होतं, दुपारचं. ऋतुराजची आई धोंडुबाई माझी जुनी ओळखीची, म्हणून मीही गेले. जाताना विश्वजित मला पुढं बसू देईना. “आई, तू मागं बस. मोनाशेजारी बसायची सवय कर.” म्हणून मी त्या निळ्या खुर्चीशेजारी, त्याच्या पाठीमागं बसले. जाताना गाडी इतकी सावकाश चालवली की मागचे लोक हॉर्न देत होते. खड्डा आला की म्हणायचा, हा इथं जपून, इथं मोना उठेल. मला मुलाचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू.

बायकांची पंगत घरात होती आणि पोरं मागं झाडाखाली. काय चाललंय ते मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. हसण्याचे आवाज वाढत गेले तसे माझे कान तिकडंच लागले. निघायच्या वेळी विश्वजित आला तेव्हा डोळे लाल, तोंडात बडीशेप. धोंडुबाई म्हणाली, “पोरा, जरा आडवा हो, उन्हं उतरली की जा.” मी म्हटलं, ऋतुराजच्या गड्याला गाडी चालवायला घेऊया का. तर सगळ्यांसमोर म्हणाला, “आई, मी पूर्ण शुद्धीत हाय. दोनच घेतल्यात. एका पायावर उभा राहून दाखवू?” आणि राहिला की. दोन्ही हात पसरून, एका पायावर, अंगणाच्या मधोमध. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. धोंडुबाई हसली. मीही हसले. आणि गाडीत बसले. चार माणसांत मुलाचा अपमान कसा करायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मागं बसल्यावर पट्टा लावायचा असतो, तोही लावला नाही. मोनाच्या खुर्चीचे पट्टे मात्र मी सरळ केले, कारण ते पिळले होते.

वडगावातून हायवेकडं येताना दोन्ही बाजूंना ऊसतोड चाललेली. ऊन कललेलं, रस्ता मोकळा. तो फार गोड बोलत होता. मोनाला फुटबॉल शिकवणार, पोरींची टीम काढायला लावणार, तिला मैदानावर पहिल्या रांगेत बसवणार. बोलताना मान वळवून माझ्याकडं बघायचा आणि गाडी त्याच्याबरोबर वळायची. मी म्हणायचे, समोर बघ. तो म्हणायचा, रस्ता पाठ हाय माझा. एक एसटी समोरून आली, ती इतक्या जवळून गेली की तिच्या वाऱ्यानं आपली गाडी हलली. त्याला ते कळलंसुद्धा नाही. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले. तेव्हा मला तुझा तो कडीला धरलेला हात आठवला. बोलावंसं वाटलं, गाडी थांबव, मी चालत जाते. तेवढ्यात त्याचं बोलणं एका वाक्याच्या मधेच थांबलं. मला वाटलं काही आठवतोय. आरशात बघितलं तर त्याची मान छातीवर उतरत होती, आणि आरशाच्या पलीकडं, कडेला, उसानं भरलेली ट्रॉली उभी होती.

मी किंचाळले. तो जागा झाला, त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडं ओढली, म्हणून त्याची आणि माझी बाजू वाचली. डावी बाजू ट्रॉलीखाली गेली. ट्रॉलीच्या मागं उसाची टोकं हातभर बाहेर आलेली असतात ना, ती पुढच्या काचेतून आत आली. पुढची रिकामी सीट ओलांडून मागं आली. माझ्या शेजारी, एवढ्याशा अंतरावर. सगळं थांबलं तेव्हा माझ्या तोंडावर काचेचा चुरा होता, हात समोरच्या सीटवर आपटून लोंबत होता आणि निळी खुर्ची दिसत नव्हती. तिथं नुसता ऊस होता. कांडी मोडून त्यातून रस गळत होता.

यापुढचं लिहायला मला तुझी माफी मागावी लागेल, कारण तू आई आहेस. पण तू वाचायला हवंस. ट्रॉलीचं चाक पंक्चर झालेलं, म्हणून ती कडेला लावलेली. ट्रॅक्टरवाला पान्हा आणायला पुढं गेला होता, तेवढ्यानं तो वाचला. त्याचं नाव जोतीराम, ते मला नंतर कळलं. तिशीतला माणूस. तो ओरडत पळत आला. आल्या आल्या त्याला आधी मागच्या काचेवरची अक्षरं दिसली आणि मग त्या उसाखालून बाहेर आलेला निळा पट्टा. आणि तो ओरडला, “बाळ हाय! आत बाळ हाय! आधी बाळ काढा!” तोडकरी धावले. बायका धावल्या. जोतीरामनं दार उचकटलं आणि उघड्या हातांनी ऊस ओढायला लागला. काचा लागत होत्या, त्याच्या हातातून रक्त येत होतं, तो थांबत नव्हता. एक बाई कपाळ बडवत होती. “पोरा, आवाज दे रं, आवाज दे,” असं कोण कुणाला सांगत होतं, देवाला ठाऊक. मी तिथंच बसले होते आणि मला बोलता येत नव्हतं. मला ठाऊक होतं की मोना जयसिंगपूरला तुझ्याजवळ आहे. पण ती माणसं ज्या जिवाच्या आकांतानं शोधत होती, ते बघता बघता क्षणभर माझाही विश्वास बसला, क्रांती, की ती तिथं आहे. मीही एका हातानं ऊस ओढायला लागले.

खुर्ची सापडली. तिच्या पाठीतून दोन कांडी आरपार गेली होती. त्या बाईनं मला गदागदा हलवून विचारलं, “बाळ कुठं हाय?” तेव्हा कुठं माझ्या तोंडून आलं, बाळ नाही, बाळ माहेरी आहे, अजून आणलेलं नाही. जोतीराम तिथंच रस्त्यावर बसला. आधी हसला आणि मग रडला. मग त्याला वास आला. तो उठून विश्वजितसमोर उभा राहिला. “पिऊन आलाय व्हय, पावणं?” आणि आपला विश्वजित, कपाळाला टेंगूळ घेऊन उभा, काय म्हणाला माहीत आहे? “ट्रॉलीला मागं लाल फडकं का न्हाई बांधलंस? तुझ्यामुळं झालंय हे.” फडकं नव्हतं, ते खरं आहे. जोतीरामचीही चूक होती, ती तोही नाकारत नव्हता. पण दिवसाउजेडी एवढा उसाचा डोंगर कुणाला दिसत नाही? मी ते तिथंच म्हणाले. विश्वजितनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी परक्याची बाजू घेतली.

मित्र आले, गाडी ओढून नेली, माणसांशी बोलून तिथल्या तिथं मिटवलं. पोलिसांपर्यंत काही गेलं नाही. मला दवाखान्यात नेताना जोतीराम खिडकीशी आला. हाताला फडकं गुंडाळलेलं. हळूच म्हणाला, “मावशी, ते बाळ खरंच न्हवतं नव्हं?” मी म्हटलं, नव्हतं बाबा. तरी तो जाईना. मग मी त्याला फोनमधला मोनाचा फोटो दाखवला, आदल्या दिवशीचाच होता. तेव्हा गेला.

तुम्हाला काय कळवायचं ठरलं ते तुला ठाऊकच आहे. आत्ती न्हाणीत घसरल्या. मामा म्हणाले, बाळंतिणीला ताण नको, दूध आटेल. मला ते पटलं, किंवा पटवून घेतलं. इथं पेठेत मात्र ही गोष्ट अशी सांगतात की एका ट्रॉलीवाल्याच्या चुकीनं गाडी धडकली आणि विश्वजितनं मोठ्या हुशारीनं आईला वाचवलं. रोज ऐकून ऐकून त्यालाही तसंच वाटायला लागलंय. पहिल्या दिवशी त्यानं माझे पाय धरले, मोनाची शपथ घेतली, पुन्हा दारूला शिवणार नाही म्हणाला. मनापासून म्हणाला. तो नेहमीच मनापासून म्हणतो. माझ्या प्लास्टरकडं बघून दोन रात्री झोपला नाही.

गाडी परवा गॅरेजमधून आली. नवी काच, नवा रंग, काही झालंय असं कुणाला सांगून खरं वाटणार नाही. मागं तशीच निळी खुर्ची, अगदी तशीच, दुसरी. मागच्या काचेवर तीच अक्षरं. आणि गाडी आली म्हणून त्या संध्याकाळी पोरांची पार्टी झाली. गाडी पेठेत तोच चालवत घेऊन आला. जिन्यात माझ्या शेजारून गेला तेव्हा बडीशेपेचा वास आला. मी जिन्यातच त्याचा हात धरला. “शपथ घेतलीस ना रे?” तर म्हणाला, “आई, बियर हाय ती. त्यानं काय होतंय?” मी मामांना सांगितलं, त्याची किल्ली काढून घ्या. ते म्हणाले, पोरगं बाप झालंय, खुशीत आहे, मूल घरात आलं की आपोआप सुधारेल. मी किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. तर दुसरी किल्ली त्याच्या खिशातच होती. हसून दाखवली मला.

मी हे सगळं आज का लिहितेय, ते आता सांगते. काल जेवताना तो फोनवर ऋतुराजशी रविवारचं ठरवत होता. सकाळी दोन गाड्या निघणार. हातकणंगल्याच्या पुढं एका धाब्यावर पोरांचं दुपारचं जेवण, मोना येतेय म्हणून. मग चार वाजता तुमच्याकडं, ओटी भरून झाली की तुला आणि मोनाला घेऊन परत. तू दारात येशील, सगळे हसत असतील, फोटो निघतील, तुझे आईवडील कौतुकानं उभे असतील. तो तोंडात बडीशेप टाकून येईल, मोनाला घेऊन त्या खुर्चीत ठेवील, पट्टे नीट लावील, आणि तुला वास येईल. चार माणसांत तुला बोलता येणार नाही. मलाही आलं नव्हतं, आणि मी तर त्याची आई आहे. म्हणून सांगते, बसू नकोस. त्यानं एका पायावर उभं राहून दाखवलं तरी बसू नकोस. कुणी विचारलं तर सांग, सासूनं बंदी घातलीय. लोकांना सासवा वाईट असतात हे आधीच ठाऊक आहे, कुणाला नवल वाटणार नाही. शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी जयसिंगपूरला येतेय, घरात न सांगता, या मोडक्या हातासकट. रविवारी तुमच्या दारात पहिली मी उभी असेन. तो शुद्धीत आला तर त्याला आत घेईन, जेवायला वाढीन, आणि आपण सगळे रेल्वेनं घरी जाऊ, मोना माझ्या मांडीवर. पिऊन आला तर त्याच्या हातात मोना पडणार नाही, आणि तो परत स्टिअरिंगला हात लावायला लागला तर पोलिसांना फोन मी करीन, तू नाही. तुमच्या चौकीचा नंबर मी घेऊन ठेवलाय. मग तो व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडं गेला आणि टिकला, तर तुमची पिवळी खोली तयार आहे. तोवर तू आणि मोना माहेरीच राहाल. मामा माझ्याशी बोलणं टाकतील, विश्वजित कदाचित कायमचं टाकील. ते मी बघून घेईन. मला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही तरी चालेल, पण तो जिवंत हवा आणि तुम्ही दोघी जिवंत हव्यात.

तुझीच,
आत्ती